मोडीत निघालेलं स्वयंपाकघर

देव आहे की नाही, हा माझा प्रश्न कधीच नव्हता. तो आहे, आणि व्यवहाराला सरळ नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. हैदराबादच्या अंबरपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. दुकान होण्याआधी डोक्यावर पाटी घेऊन बरकतपुऱ्याच्या, नल्लकुंट्याच्या गल्ल्यांतून मी स्टीलची भांडी विकली आणि बदल्यात लोकांची जुनी तांब्यापितळेची भांडी घेतली. ती वजनावर घ्यायची आणि भट्टीत पाठवायची. त्याला आमच्या धंद्यात मोड म्हणतात. बापानं काही ठेवलं नव्हतं, भावानं हात दिला नव्हता. जे केलं ते जिभेच्या जोरावर केलं. भाव करताना माझा आवाज चढतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, आणि तो खोटा चढत नाही. मला खरोखरच राग येतो.

ज्या वर्षांची गोष्ट सांगतो आहे ती आमच्याकडे राज्य फुटण्याची वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा पुन्हा बंद. शटर अर्ध्यावर ओढून आम्ही आत बसायचो. गिऱ्हाईक विचारायचं, सेठ, तुम्ही इकडले की तिकडले? आमची माणसं निजामाच्या काळापासून इथली; घरी मराठी, गल्लीत दखनी, मंडईत तेलुगू. जुन्या हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हाही आम्ही जागचे हललो नाही, आणि आता पुन्हा आम्हालाच विचारायचं की कुठले? गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात दिवसभर बसणं काय असतं ते मी त्या वर्षांत शिकलो. माणूस भांडी पुसतो, पुन्हा पुसतो, आणि संध्याकाळी बायकोवर खेकसतो.

पण देवाशी माझं भांडण त्यावरून नव्हतं. त्यातल्याच एका वर्षी आम्ही नवराबायको हिमालयातल्या महादेवाला निघालो होतो. आमच्या भागातले एक निवृत्त काका दरवर्षी यात्रा नेतात, त्यांच्याबरोबर. डोंगराच्या पायथ्याशी बसवाल्यानं ठरलेल्यापेक्षा जास्त मागितलं आणि मी हटून बसलो. सकाळ माझ्या भांडणात गेली. आमच्यामागून आलेली माणसं पैसे देऊन मुकाट्यानं पुढच्या बसमध्ये बसली. आम्ही वर पोहोचलोच नाही, कारण तोवर नदीनं सगळा डोंगर पोखरून नेला होता. त्या पुढच्या बसमधल्यांचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत माझं हार घालून स्वागत झालं. काका म्हणाले, देवानंच यांच्या तोंडून घासाघीस करवली. ज्यानं त्यानं माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला.

मला तेव्हा जो संताप आला तो आजही आठवतो. मी भांडखोर म्हणून वाचलो, आणि जे सरळपणे पैसे देऊन चढले ते पुराच्या तोंडी गेले, हा न्याय म्हणायचा? माझ्या दुकानात कुणी असा व्यवहार केला असता तर मी त्याला पायरी चढू दिली नसती. सोमवारचा उपास सोडला नाही, कारण सवय होती. पण दिवा लावताना मी देवाकडे बघणं बंद केलं. ही विचारायची, "अहो, असं किती दिवस चालणार?" मी म्हणायचो, त्यानं आधी हिशेब द्यावा.

पुढच्या वर्षी रस्ता उघडल्याची बातमी आली आणि काकांनी पुन्हा यात्रा काढली. घाबरून फारसे लोक येईनात, माणशी खर्च वाढला, म्हणून काकांनी बोलणी करायला मला पुढे घातलं. मी सगळं कसून ठरवलं. बस आणि तिच्यामागे स्वयंपाकाची गाडी. आपला आचारी, आपला तांदूळ, आपली चिंच, आपलं लोणचं, गॅससुद्धा आपला. आमच्याकडच्या यात्रा अशाच जातात. बाहेरचं खायचं नाही, म्हणजे पोट बिघडत नाही, सोवळं राहतं आणि वाटेत कुणाला काही द्यावं लागत नाही. ही शेवटची गोष्ट मी मोठ्या अभिमानानं बैठकीत सांगितली आणि सगळ्यांनी मान डोलावली.

देवळाच्या अलीकडे एक गाव लागतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी गावं तिथे अनेक आहेत आणि मी जे सांगतो ते सगळ्यांना लागू आहे. नदीच्या अंगाचा अर्धा बाजार गेला होता. उरलेल्या घरांच्या भिंतींवर माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती. चौकाच्या कठड्यावर कपड्यांचा ढीग कुजत पडला होता. आम्ही जवळ गेलो तर त्यात फाटक्या जरीच्या साड्या, बिनबटणांचे सदरे, लहान मुलांचे स्नेहसंमेलनातले चमकीचे झगे. देशभरातून मदत म्हणून आलेलं ते सामान होतं. आमच्या गल्लीतूनही एक ट्रक गेला होता, तेव्हा ट्रकसमोर उभं राहून फोटो काढण्यासाठी रांग लागली होती. ज्या डोंगरात माणूस लोकरीशिवाय दोन पावलं चालत नाही तिथे हैदराबादच्या उन्हात विरलेली पातळं पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? आपल्या घरातली अडगळ काढायची आणि वर पुण्यही घ्यायचं, असा दुहेरी नफा मी मोडीच्या धंद्यातही कधी केला नाही.

बस चौकात थांबली. स्वयंपाकाची गाडी मागे राहिली होती, तिची वाट बघायची होती. आमच्या मंडळींनी थर्मासमधला चहा काढला, डब्यातला चिवडा काढला आणि पडक्या घरांकडे पाठ करून फोटो काढायला सुरुवात केली. एक बाई "बिचारे" म्हणाल्या आणि शेजारणीला जरा डावीकडे सरकायला सांगितलं. समोर उघड्या दुकानांत माणसं बसली होती. कुणी हाक मारत नव्हतं. हे मला फार खटकलं. गिऱ्हाईकानं भरलेली बस समोर उभी आहे आणि दुकानदार ओरडत नाही, ही काही चांगली खूण नाही. दुकानांत बसलेली ती माणसं मला ओळखीची वाटली.

तेवढ्यात पितळेचा आवाज ऐकू आला. चौकाच्या कोपऱ्यावर एक लॉज होतं, खाली जेवणघर, वर खोल्या. त्याच्या दारात एक कबाडी ताणकाटा टांगून भांडी तोलत होता. मोठ्या पराती, हंडे, दीडशे माणसांचा भात शिजेल असा टोप. खालच्या मैदानी मुलखातून वर आलेला, गळ्यात मफलर गुंडाळलेला धीमा माणूस. मालकीण, विमला नावाची पन्नाशीची बाई, हात पदरात गुंडाळून उभी होती. तो जो भाव बोलत होता तो ऐकून माझ्या अंगाची लाही झाली, आणि त्याहून जास्त चीड आली ती बाई काहीच बोलत नव्हती याची. तो भाव सांगे, ती मान हलवे, आणि त्यातून हो की नाही ते कळेना.

मी मध्ये पडलो. "क्या अम्मा, ऐसा सौदा करते क्या? मुँह खोलो जरा."

"अम्मा किसको बोले?" ती म्हणाली. "मैं तुमसे छोटी हूँ."

"छोटी है तो और जोर से बोलना," मी म्हणालो, आणि कबाड्याकडे वळलो.

तो म्हणाला, "सेठजी, बाढ़ का माल है. अंदर मिट्टी घुसी है."

"मिट्टी तेरे कान में घुसी. बजा के देख, टन बोलता कि नहीं. हमारे कू नक्को सिखा, हमारी उमर गुजरी इसमें."

मग मी भांडलो. कल्हई दाखवली, काठाची जाडी दाखवली, त्याच्या ताणकाट्याला नावं ठेवली, दोनदा भांडी उचलून आत नेतो म्हणालो. समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. शेवटी तो जिथून सुरू झाला होता त्याच्या कितीतरी वर मी त्याला आणून ठेवला. त्यानं हात पुढे केला, मी तिच्या वतीनं हातावर हात मारला आणि सौदा झाला. पैसे विमलाच्या हातात पडले, भांडी त्याच्या पिकअपमध्ये चढली. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. संकटातल्या माणसाला मदत करायची तर अशी, चमकीचे झगे पाठवून नव्हे, असं मी ट्रक भरून पाठवणाऱ्या सगळ्यांना मनातल्या मनात सुनावत होतो.

ही लॉजच्या आत गेली होती. बाहेर येऊन ती माझ्याजवळ उभी राहिली. "जिंकलात?"

"मग काय. भट्टीवाल्यानंसुद्धा असा भाव दिला नसता."

"आत जाऊन बघा जरा."

मी आत गेलो. मातीच्या चुली होत्या, पुरानंतर नव्यानं सारवलेल्या. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या. विमला त्या फळ्यांखाली जमिनीवर बसून रडत होती. हिनं तिच्याशी बोलून सगळं जाणून घेतलं होतं. मुलगा खाली मैदानी मुलखात नोकरीला आहे, तो म्हणतो लॉज बंद कर आणि ये. या मोसमात एकही बस मुक्कामाला थांबली नव्हती. येणारे आमच्यासारखेच, आपलं खाणारे आणि फोटो काढून पुढे जाणारे. तरी ती अडून बसली होती. कबाडी आला तेव्हा तिचा निम्मा जीव नाही म्हणत होता. भाव इतका पडका होता की त्याच निमित्तानं ती त्याला परत पाठवणार होती. मग मी आलो. इतका चांगला भाव आणला की नाही म्हणायला जागा उरली नाही.

"तुम्ही तिचं स्वयंपाकघर मोडीत काढून दिलंत," ही म्हणाली. "जिच्याकडे भांडी नाहीत तिच्याकडे जेवायला कोण येईल?"

मी तडक पिकअपकडे गेलो आणि कबाड्याला म्हणालो, सौदा फिरव. तो दोरी आवळत म्हणाला, "जबान आपने दी है, सेठजी. आप तो बाजार के आदमी हैं." उभ्या आयुष्यात मी झालेला सौदा फिरवला नाही, आणि कुणाला फिरवू दिला नाही. माझ्याच हाताची टाळी माझ्या गळ्यात पडली होती. मी त्याला जास्तीची लालूच दाखवली. तो म्हणाला, बात पैसे की नहीं है. हे वाक्य मी माझ्या गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवलं आहे. त्या क्षणी मी देवावर जितका चिडलो तितका आदल्या वर्षीही चिडलो नव्हतो. मागच्या खेपेला माझ्या घासाघिशीनं मला वाचवलंस, आणि या खेपेला त्याच घासाघिशीनं या बाईचं घर बुडवलंस. माझ्या जिभेशी तुझं वैर काय आहे?

कबाडी गाडी सुरू करायला बसला आणि खालच्या बाजूनं मोठा गडगडाट झाला. गावातली माणसं उठून उभी राहिली. त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मग एक जीपवाला वर आला आणि सांगितलं की गावाखालच्या वळणावर दरड कोसळली आहे. कुणाला इजा नाही. पण वाट बंद आहे, आणि वरच्या बाजूलाही पोलिसांनी गाड्या थांबवल्या आहेत. आमची स्वयंपाकाची गाडी, आचारी, तांदूळ, चिंच आणि गॅस दरडीच्या पलीकडे. आम्ही, कबाडी आणि त्याची पितळेनं भरलेली पिकअप दरडीच्या अलीकडे.

याला मी चमत्कार म्हणत नाही. पाऊस झालेल्या डोंगरात दरडी कोसळतातच. जे झालं ते एवढंच.

दुपार झाली, चिवडा संपला. काका म्हणाले, बाहेरचं खाण्यापेक्षा आपण उपास करू. आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या थंडीत उपास झेपणार नव्हता हे दिसत होतं. तेव्हा हीच पिकअपपाशी गेली. हिला दखनी धड येत नाही, मराठीच हिंदीसारखी बोलते. ती कबाड्याला म्हणाली, "भाऊ, बर्तन तुम्हारेच हैं. सिर्फ आज के लिए देव. तुम भी तो भुके हो." सौदा फिरवा असं ती म्हणालीच नाही. भांडी मागितली फक्त, जशी शेजारणीकडे मागतात. कबाडी हसला आणि मफलर सारखा करून मागचं फळकूट उघडलं.

टोप खाली उतरले. मी स्वतः दोन हंडे डोक्यावर घेऊन आत गेलो. पाटी वाहिलेली मान आहे, विसरत नाही. विमलानं डोळे पुसले, साडीचा पदर खोचला आणि सकाळी कबाड्यापुढे शब्द न काढणारी ती बाई सगळ्यांवर ओरडायला लागली. पाणी आणा, लाकडं फोडा, चपला घालून आत कोण आलं? राजमा, भात आणि नाचणीसारख्या काळसर पिठाच्या भाकऱ्या झाल्या. काका बराच वेळ बाहेर बाकावर बसले होते. मग वास आला असेल. येऊन पंगतीच्या टोकाला बसले आणि कुणाकडे न बघता दुसऱ्यांदा भात मागितला. कबाडी माझ्या शेजारीच जेवला.

रस्ता उघडेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. वरच्या खोल्या झाडून झाल्या, रजया उन्हात पडल्या. थंडी वाजायला लागली तशी आमच्या बायका बाजारात गेल्या आणि लोकरीच्या टोप्यांवरून घासाघीस सुरू झाली. एका टोपीवाल्यानं हिला सांगितलं, "बहनजी, इस दाम में तो भेड़ भी ऊन नहीं देती," आणि आजूबाजूचे हसले. चहावाल्यानं दुसरी शेगडी काढली. दुकानातला माणूस रस्त्यावर येऊन हाका मारू लागला की बाजारात जीव आला असं समजावं. हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्या चौकात ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. आम्ही कुणाला काही दान दिलं नव्हतं. आम्ही फक्त अडकलो होतो आणि आम्हाला भूक लागली होती.

निघायच्या सकाळी कबाडी माझ्याकडे आला. म्हणाला, सेठजी, आमच्या बापानं एक नियम घालून दिला होता. ज्या भांड्यात आपण जेवलो ते आपण भट्टीत घालत नाही. आता तर मी या सगळ्यांत जेवलो आहे. त्यानं विमलाकडून आपला पैसा तेवढाच परत घेतला, वर एक छदाम नाही, आणि रिकामी पिकअप घेऊन खाली गेला. मी त्याला डिझेलचं तरी घे म्हणालो तर हात जोडले. त्याचं नाव मी विचारलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. सौदा मी फिरवू शकलो नाही. जीभ वापरून पाहिली, लालूच वापरून पाहिली. तो फिरला तेव्हा मी बाजूला उभा होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं.

वर जाऊन दर्शन झालं. तिथे काय वाटलं ते माझ्याकडेच राहू दे. माझा राग निवला असं मी लिहिणार नाही. त्या पुढच्या बसमधली माणसं मला आजही आठवतात आणि त्यांच्याबद्दल मला अजून उत्तर मिळालेलं नाही. पण हे वाचणाऱ्यांना एक गोष्ट मी रागानंच सांगणार आहे. असल्या गावांसाठी घरी बसून हळहळू नका. जुने कपडे पाठवू नका. रस्ता उघडला आणि तिथली माणसं या म्हणाली की जा. आपला आचारी घरी ठेवा. त्यांच्या खोलीत झोपा, त्यांच्या चुलीवरचं खा, त्यांच्या दुकानातली टोपी घ्या. घासाघीस जरूर करा, नाहीतर त्यांना भीक घातल्यासारखं वाटेल. पण भाव करून हात हलवत निघून जाऊ नका. पडक्या घराचा फोटो काढायचा असेल तर आधी त्या घरच्याला विचारा. महादेवाला जायची वाट त्यांच्या दारातून जाते, तिथे तोंड फिरवून वर कुणाला हात जोडता?

उतरताना आम्ही पुन्हा त्या गावात मुक्काम करायचा ठरवला होता. काकांनी स्वतः सुचवलं, आणि आचाऱ्याला खालीच थांबवून ठेवलं. वाटेभर मी विमलाशी काय भाव करायचा ते मनात घोळवत होतो. चौकात पोहोचलो तर उभं राहायला जागा नव्हती. दरडीपलीकडे अडकलेल्या सगळ्या बसगाड्या वर आल्या होत्या. लॉजच्या दारात चपलांचा ढीग होता, आतून धूर येत होता आणि विमलाचा आवाज. मला बघून ती हातातली पळी घेऊनच बाहेर आली.

"सेठजी, आज जगह नहीं है."

"जगह नहीं मतलब? हम कायकू आये फिर?"

"नहीं है तो नहीं है. नीचे वाले गाँव में देखो. अगली बार पहले खबर करना."

मी आवाज चढवला. पहिल्या दिवसाची आठवण करून दिली, जिन्याखालची जागा तरी दे म्हणालो, दुप्पट भाव बोललो. ती दारात तशीच उभी राहिली. मग आतून कुणीतरी भात मागितला आणि ती माझं वाक्य अर्ध्यावर सोडून निघून गेली. ही बसच्या खिडकीतून बघत होती. हसू आवरत म्हणाली, "चला आता, हरलात."

मी बसमध्ये येऊन बसलो. अंग तापलं होतं, कान गरम झाले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला दारातून असं कुणी परत पाठवलं नव्हतं. बस त्या वळणावरून खाली उतरायला लागली तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं आणि मला तिथे जागा मिळाली नाही याबद्दल देवाचे आभार मानले.